जुना हिशेब, नवे पान

पुण्यात बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, अप्पर इंदिरानगरात, १९८३ सालापासून विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. खालच्या अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड. वर प्रोग्राम लिहायला शिकणारी पोरे, खाली गोण्या, गाळे आणि आडतीच्या पट्ट्या. समजा, यार्डातल्या एखाद्या जुन्या पेढीला वाटले की शेतकऱ्याला त्याची पट्टी मोबाइलवर दिसावी. म्हणजे किती नग, किती वजन, काय दर, हमाली किती, तोलाई किती, हातात पडणार किती. काम सोपे वाटते. पण पेढीचा हिशेब तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामांवर चालतो आणि ते प्रोग्राम ज्या यंत्रावर आहेत, ते वेब जन्माला येण्याआधी कल्पिलेले आहे, असे धरू. मग त्या हिशेबातून वेबपान काढायचे कोणत्या भाषेत?

पेढी काल्पनिक आहे. प्रश्न मात्र खरा आहे. जगभरच्या बँका, विमा कंपन्या, गोदामे आणि कारखाने गेली पंचवीस-तीस वर्षे तो सोडवत आली आहेत. त्यातले बरेचसे काम पुण्यातही होते. एचएसबीसी बँकेने २००२ मध्ये पुण्यात सॉफ्टवेअर केंद्र काढले. तिची हब नावाची बँकिंग प्रणाली याच जातीच्या यंत्रावर उभी आहे. या शहरात असे कितीतरी लोक असतील ज्यांच्या घरी कोणालाच माहीत नसते की आपला माणूस दिवसभर काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे पाहत असतो.

यंत्राचे नाव एएस/४००. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तिथल्या आयबीएमच्या मंडळींनी ते २१ जून १९८८ रोजी जाहीर केले. खोलीभर पसरणाऱ्या मेनफ्रेमपेक्षा लहान आणि टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठे, म्हणून मिडरेंज. त्या वेळी आयबीएम भारतात नव्हती. १९७८ मध्ये ती इथून गेली आणि १९९२ मध्ये टाटांच्या जोडीने परतली. नावे पुढे बदलत गेली. आयसिरीज झाले, सिस्टिम आय झाले, आणि २००८ पासून त्या कार्यप्रणालीला आयबीएम आय म्हणतात. जुने लोक अजून एएस/४००च म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

पान कसे काढायचे ते पाहण्याआधी हे यंत्र थोडे न्याहाळू, कारण ते न समजता निवड केली की फसगत होते. आणि खरे सांगायचे तर मला मजा याच भागात येते.

आपल्या नेहमीच्या संगणकात मेमरी वेगळी आणि डिस्क वेगळी. फाइल डिस्कवरून उचलायची, मेमरीत आणायची, काम झाले की परत ठेवायची. एएस/४०० मध्ये प्रोग्रामच्या दृष्टीने हा भेदच नाही. सगळी साठवण म्हणजे एकच अवाढव्य पत्ता-पुस्तिका. एखादी वस्तू या क्षणी मेमरीत आहे की डिस्कवर, हे प्रोग्रामला कळत नाही आणि त्याचे त्याला देणेघेणेही नसते. ही कल्पना आयबीएमने १९७८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३८ मधून आली. तेव्हा पत्ते ४८ बिटांचे होते, म्हणजे २८१ लाख कोटींहून जास्त बाइटना वेगवेगळा पत्ता देता येईल इतके. त्या काळी इतकी साठवण कुठे अस्तित्वात होती?

दुसरे नवल याहून मोठे आहे. या यंत्रावर प्रोग्राम तयार केला की तो थेट प्रोसेसरच्या भाषेत बांधला जात नाही. मधे एक काल्पनिक यंत्र असते. प्रोग्राम त्याच्यासाठी लिहिला जातो आणि खालची खरी यंत्रणा त्याचे भाषांतर करून घेते. या विचाराच्या मागे फ्रँक सोल्टिस हा रॉचेस्टरचा शिल्पकार होता. १९९५ मध्ये आयबीएमने पोटातला प्रोसेसरच बदलला. जुना ४८ बिटी प्रोसेसर काढून ६४ बिटी पॉवरपीसी बसवला. दुसरीकडे असे झाले असते तर सगळे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागले असते, निदान पुन्हा कंपाइल तरी करावे लागले असते. इथे यंत्राने जुन्या प्रोग्रामच्या पोटात जपून ठेवलेला मधला मसुदा वाचला, त्याचे नव्या प्रोसेसरसाठी भाषांतर केले आणि प्रोग्राम चालू लागला. ज्यांनी जागा वाचवायला तो मसुदा पुसून टाकला होता, ते मात्र अडकले.

आणि तिसरे, आपल्या पट्टीशी थेट संबंध असलेले: डेटाबेस. तो या यंत्रावर वेगळा बसवावा लागत नाही, कार्यप्रणालीचाच भाग आहे. बरीच वर्षे त्याला वेगळे नावही नव्हते. पुढे डीबी२ हे नाव मिळाले तेव्हा कित्येक गिऱ्हाइकांना कळले की आपल्याकडे डेटाबेस आहे. १९९० साली जुन्या पद्धतीने बनवलेली फाइल आज एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला सरळ टेबल म्हणून दिसते. काहीही हलवावे लागत नाही. अडचण एवढीच, की आरपीजी या भाषेच्या जुन्या रूपात रकान्याचे नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे, त्यामुळे वजनाचा रकाना आणि वजावटीचा रकाना यांतला फरक लिहिणाऱ्यालाच माहीत. तारखाही गमतीच्या. आकडा ११६०७०१ सारखा काहीतरी दिसला तर घाबरायचे नाही. सात आकड्यांची तारीख असेल तर पहिला आकडा शतकाचा, मग वर्ष, महिना, दिवस. ११६०७०१ म्हणजे १ जुलै २०१६. अशा टेबलांवर वाचता येतील अशा लांब नावांची एक व्ह्यू बांधून ठेवली, तर पुढे पान लिहिणारा दुवा देतो.

आरपीजी ही इथली घरची भाषा. तिचे मूळ १९५९ सालचे, आयबीएम १४०१ च्या काळातले. पंचकार्डे वाचून अहवाल छापणाऱ्या यंत्रांचे काम संगणकावर आणण्यासाठी ती बनली. म्हणून तिच्या जुन्या रूपात कोणत्या ओळीचा काय अर्थ हे सहाव्या रकान्यातल्या अक्षरावर ठरे. आजची आरपीजी मोकळी आहे, पण पेढीतले प्रोग्राम आजचे नसतात.

आता खरी गाठ. आरपीजीच्या जुन्या प्रोग्रामात एक आज्ञा असते: पडदा दाखव आणि माणसाच्या उत्तराची वाट पाहा. प्रोग्राम तिथे थांबतो. कारकून चहाला गेला तरी प्रोग्राम तसाच, अर्ध्यावर, सगळे आकडे डोक्यात धरून बसलेला. कारकून परत आला, एंटर दाबले की पुढची ओळ. वेबचे याच्या अगदी उलट. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने दिले, संबंध संपला. पुढच्या क्षणी तोच शेतकरी दुसरे बटण दाबतो तेव्हा सर्व्हरला तो अनोळखी असतो. कुकी आणि सेशन वगैरे खटाटोप त्याची ओळख पुन्हा पुन्हा पटवण्यासाठीच असतो. त्यामुळे पडदा आणि हिशेब एकाच प्रोग्राममध्ये गुंतलेले असतील, तर कोणतीही नवी भाषा आणा, पान निघणार नाही. आधी हिशेब पडद्यापासून सोडवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

ते झाले असे धरू. मग पर्याय कोणते होते?

पहिला, आरपीजीतच पान लिहायचे. वेब सर्व्हर एखादा प्रोग्राम चालवतो आणि तो जे छापेल ते ब्राउझरकडे जाते, एवढीच अट. आयबीएममधल्या मेल रॉथमन यांनी त्यासाठी सीजीआयडेव्ह२ नावाची साधने दिली, आणि एचटीएमएलचा साचा वेगळा ठेवून त्यात आरपीजीने आकडे भरायची सोय झाली. वेग उत्तम. पण पानाचा रंग बदलायलाही आरपीजीवाला लागतो, आणि आरपीजीवाल्याला पानाच्या रंगात काडीचा रस नसतो.

दुसरा, नेट.डेटा. ही आयबीएमची स्वतःची छोटी स्क्रिप्ट-भाषा एएस/४०० सोबत फुकट मिळे. एका फाइलमध्ये वर एसक्यूएल, खाली एचटीएमएल, मधे अहवाल कसा दिसावा त्याचा मजकूर. दुपारी बसले तर संध्याकाळी पट्टी पडद्यावर. मला ही भाषा मनापासून आवडते, कारण तिला एकच काम येते आणि ते ती गडबड न करता करते. पण ब्राउझरमधून आलेला मजकूर ती एसक्यूएलमध्ये जसाच्या तसा भरे. गाळा क्रमांकाच्या जागी कोणी खोडसाळपणे एसक्यूएलचा तुकडा टाइप केला, तर तोही चाले. दुसरी अडचण अशी की आयबीएमच्या जगाबाहेर ती कोणाला येत नाही. तिच्यावरचे पुस्तक शोधायला अप्पा बळवंत चौकात गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

तिसरा, जावा आणि वेबस्फिअर. आयबीएमचा जोर अनेक वर्षे यावर होता. मोठ्या बँकांना शोभतो. लहान यंत्रावर मात्र त्याची मेमरीची भूक भागत नसे, आणि एक पट्टी दाखवायला इतके थर रचायचे म्हणजे अतिच झाले.

इथे एक व्यापारी कावाही सांगायला हवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयबीएमने या यंत्रांची किंमत दोन मापांनी लावायला सुरुवात केली: एकूण काम वेगळे आणि हिरव्या पडद्यावरचे काम वेगळे. हिरव्या पडद्याची क्षमता हवी तर ज्यादा पैसे. वेबवरून आलेले काम त्या मापात धरले जात नसे. गिऱ्हाइकांना एकाएकी वेबपाने का आवडू लागली, याचे एक उत्तर बिलात सापडते.

चौथा, पीएचपी. ही भाषा रॅस्मस लेर्डॉर्फ नावाच्या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने स्वतःचा बायोडेटा ऑनलाइन कोण कोण पाहतो हे मोजायला केलेल्या अवजारांतून वाढली. १९९५ मध्ये त्याने ती सर्वांसाठी खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी तिचा गाभा नव्याने लिहिला. त्यांच्या झेंड कंपनीने आयबीएमशी हातमिळवणी करून २००६ मध्ये ती या यंत्रावर आणली. आणली म्हणजे कशी, हे पाहण्यासारखे आहे. एएस/४०० च्या पोटात पेस नावाचा एक कोपरा आहे. तिथे आयबीएमच्याच एआयएक्स या युनिक्ससाठी बांधलेले प्रोग्राम चालतात. पेठेतल्या वाड्यात मागच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूसारखा तो आहे: चूल वेगळी, बोली वेगळी, पण आड मालकाचाच. पीएचपी त्या कोपऱ्यात राहते आणि डेटा मात्र थेट डीबी२ मधून घेते, मधे नेटवर्कची वायर नाही.

या कोपऱ्याच्या उंबऱ्यावर घडणारी गंमत मला सर्वांत थक्क करते. एएस/४०० अक्षरे एबसिडिक पद्धतीने साठवते. पेसमधली बोली आस्की आणि युनिकोडची. एबसिडिकमध्ये इंग्रजी ‘ए’चा अंक सी१ आणि ‘आय’चा सी९. मग ‘जे’ सी१० वगैरे नाही, एकदम डी१. ही फट पंचकार्डावरच्या भोकांच्या रांगांमुळे पडली. आकड्यांना एफ० ते एफ९, म्हणजे ते सगळ्या अक्षरांच्या नंतर. आस्कीत आकडे अक्षरांच्या आधी येतात. परिणाम काय? ‘ए१२’ आणि ‘११२’ असे दोन गाळे असतील, तर डेटाबेसला क्रम लावायला सांगितला की ‘ए१२’ आधी येऊ शकतो आणि तीच यादी पीएचपीत क्रमाने लावली की ‘११२’ आधी. दोन्ही बरोबर! पेढीवरचा मुनीम मात्र म्हणणार की संगणक चुकला. म्हणून क्रम कुठे लावायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

देवनागरीने तर आणखी बहार येते. ‘बिबवेवाडी’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबात नऊ खुणांचा: ब, वेलांटी, ब, व, मात्रा, व, काना, ड, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकीला तीन बाइट, एकूण २७. जुन्या टेबलात गावाच्या नावाला वीस बाइट ठेवले असतील, आणि १९९० सालच्या माणसाला ते भरपूरच वाटले असणार, तर बिबवेवाडी तिथे मावत नाही. कापली तर ‘बिबवेव’ एवढेच राहते आणि पुढे दोन तृतीयांश काना उरतो, ज्याचे पडद्यावर चौकोनी ठिगळ दिसते. म्हणून देवनागरीसाठी नवा रकाना, युनिकोडचा, आणि बाइटऐवजी अक्षरांत मोजलेला हवा. आणखी एक सापळा: या यंत्रावर एखाद्या रकान्याला ६५५३५ हा संकेतांक असला, तर त्याचा अर्थ ‘यातल्या अक्षरांचे रूपांतर करू नका’. पीएचपीला मग शेतकऱ्याच्या नावाऐवजी आकडे आणि अक्षरांचा कचरा मिळतो, आणि नवशिका दोन दिवस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

अक्षरांनंतर पैसे. जुन्या फायलींत रकमा पॅक्ड डेसिमल पद्धतीने असतात. दर बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये धन-ऋण चिन्ह. १२,३४५ रुपये ६७ पैसे चार बाइटमध्ये अचूक बसतात. पीएचपीचे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवलेले, त्यात एक दशांशही नेमका बसत नाही. ०.१ मध्ये ०.७ मिळवा, दहाने गुणा, आणि खालचा पूर्णांक घ्या. तुम्ही म्हणाल ८. पीएचपी म्हणते ७. तिच्या अधिकृत पुस्तिकेतच हे उदाहरण सावधगिरीसाठी दिलेले आहे. शिवाय पैसे पूर्ण कुठे करायचे हाही प्रश्न. दोन मालांची हमाली प्रत्येकी १२ रुपये साडेचौतीस पैसे निघाली आणि जुना प्रोग्राम दर ओळीला पैसा पूर्ण करत असेल, तर बेरीज २४.७०. नवे पान आधी बेरीज करून मग पूर्ण करील, तर २४.६९. एका पैशावरून शेतकरी भांडत नाही. पण कागदावरची पट्टी आणि मोबाइलवरची पट्टी जुळली नाही की विश्वास उडतो, आणि तो परत आणणारे सॉफ्टवेअर अजून निघालेले नाही.

तेव्हा पानाने हिशेब करू नये. आडतीचेच घ्या. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. असा नियम दोन ठिकाणी लिहिलेला असेल, एकदा आरपीजीत आणि एकदा पीएचपीत, तर बदलताना एक जागा राहून जाणारच. शेतकऱ्याला मोबाइलवर आडत कापलेली दिसेल, हातात पूर्ण रक्कम पडेल, आणि दिवाणजीला दिवसभर फोन.

यावरची सोय या यंत्रात आधीपासून आहे आणि ती मला सगळ्या भाषांपेक्षा मोलाची वाटते. आरपीजीचा जुना प्रोग्राम, त्यातली एक ओळही न बदलता, डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर म्हणून नोंदवता येतो. अट एकच, तो पडद्यापासून सोडवलेला हवा. नोंद झाली की कोणतीही भाषा एसक्यूएलमधून त्याला हाक मारू शकते: शेतकरी क्रमांक देते, तारीख देते, पट्टीच्या ओळी घेते. हाक मारताना किमती प्रश्नचिन्हांच्या जागी वेगळ्या पाठवायच्या, म्हणजे खोडसाळ मजकूर आज्ञा म्हणून चालत नाही. एक्सएमएल सर्व्हिस नावाचा आणखी एक खुला मार्ग आहे, तोही आरपीजीतच लिहिलेला. पण जिथे प्रोसिजरने भागते तिथे मी प्रोसिजरच घेईन.

असे केले की स्क्रिप्टची भाषा निवडणे हा जन्माचा निर्णय राहत नाही. आज पीएचपी, उद्या पायथन किंवा नोड. दोन्ही आता याच पेसमध्ये चालतात आणि लिनक्सवर बसवतात तशाच यम नावाच्या साधनाने बसवता येतात. खालचा हिशेब जागचा हलत नाही.

तरी आज निवडायचीच असेल तर माझे मत पीएचपीला. ती देखणी भाषा नाही. तिच्या फंक्शनांच्या नावांत काही सुसूत्रता शोधू नये. पण दर विनंतीला ती कोऱ्या पाटीने सुरू होते आणि काम संपले की सगळे पुसते, त्यामुळे एका शेतकऱ्याचे आकडे दुसऱ्याच्या पानात मिसळायची भीती कमी. लहान यंत्राला ती जड होत नाही. ती येणारी मुले गल्लोगल्ली आहेत. आणि ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. झेंड कंपनी २०१५ मध्ये रोग वेव्हने घेतली आणि २०१९ मध्ये रोग वेव्हच परफोर्सने घेतली. पीएचपीच्या नव्या आवृत्त्या मात्र येत राहिल्या. नेट.डेटाला हे भाग्य लाभले नाही, आणि तिच्यात लिहिलेली पाने ज्यांच्याकडे राहिली त्यांना ती एकेक करून उतरवून घ्यावी लागली.

यंत्र काही लगेच जात नाही. आयबीएम आयची ७.६ ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. जाणारी माणसे आहेत. ज्यांच्याकडे असा जुना हिशेब चालतो आहे, त्यांनी पान लिहायला घेण्याआधी आपल्या निवृत्तीला टेकलेल्या आरपीजीवाल्याला आठवडाभर शेजारी बसवून घ्यावे आणि कोणता प्रोग्राम कोणता नियम पाळतो, पैसा कुठे पूर्ण होतो, कोणत्या रकान्यात काय आहे हे लिहून काढावे. पीएचपीवाला अप्परच्या बसमधून उतरणाऱ्यांत कधीही मिळेल.